पुन्हा श्रीगणेशा

रुग्णालय हे आपल्याकडचे शेवटचे एकत्र कुटुंब आहे. तिथे नर्सला सिस्टर म्हणतात, पुरुष नर्सला ब्रदर, वॉर्डबॉयला मामा आणि आयाबाईंना मावशी. वडील तेवढे कुणाला म्हणत नाहीत. पण मोठे डॉक्टर राउंडला आले की सगळ्यांच्या चेहऱ्यांवर जे भाव उमटतात ते पाहता ती उणीव जाणवत नाही. या कुटुंबात माझे नाते दूरचे. मी सिस्टरचा मिस्टर. गेली पस्तीस वर्षे सोसायटीत, वाण्याकडे आणि बसस्टॉपवर मला याच नावाने ओळखतात. माझे खरे नाव आता फक्त विजेच्या बिलावर आणि बँकेच्या पेन्शनच्या कागदावर उरले आहे. या नात्याच्या जोरावर मी आज एका नैतिक प्रश्नाला हात घालणार आहे. (हात धुतलेले आहेत. आमच्या घरात हात धुतल्याशिवाय कशालाच हात घालता येत नाही.)

प्रश्न असा, की एखाद्या माणसाने एकवीस वर्षे एक काम करून त्यात हात बसवला, नाव मिळवले, आणि मग एके दिवशी ते सोडून ज्यातले ओ की ठो कळत नाही असे दुसरे काम धरले, तर ते चांगले की वाईट? तुम्ही म्हणाल, यात नैतिक ते काय? ज्याची त्याची मर्जी. मी स्वतः बँकेत ठेवींच्या काउंटरवरून कर्जांच्या काउंटरवर गेलो तेव्हा कुणी नीतिशास्त्र काढले नव्हते. खरे आहे. पण कर्जखात्याची बेरीज चुकली तर ती दुसऱ्या दिवशी सापडते, आणि तोवर खातेदाराचे काही दुखत नाही. नर्सचे काम माणसाच्या अंगावर चालते, आणि ती शिकते तेही माणसाच्याच अंगावर.

आमची ही १९८८ साली मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात लागली ती अस्थिरोग विभागात. तिच्या भाषेत ‘ऑर्थो’त. ज्याने तो वॉर्ड पाहिला नाही त्याला वैद्यक आणि सुतारकाम यांचे नाते कळायचे नाही. खाटांवर चौकटी, चौकटींना कप्प्या, कप्प्यांवरून दोऱ्या, दोऱ्यांना वजने आणि या सगळ्याच्या टोकाला एक मोडका पाय. ‘थॉमस स्प्लिंट’ म्हणून एक सळईची चौकट असते. हाडवैद्यांच्या घराण्यात जन्मलेल्या लिव्हरपूलच्या एका डॉक्टरने ती एकोणिसाव्या शतकात काढली, आणि पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेले कितीतरी सैनिक तिच्यामुळे जगले. लग्नानंतरचे पहिले वर्षभर मी हा इतिहास जेवताना ऐकत असे. नवी जोडपी एरवी काय बोलतात याची मला कल्पना नाही.

तिचे खरे कसब पायाच्या अंगठ्यात होते. तिच्या नव्हे, पेशंटच्या. प्लॅस्टर घातलेल्या पायाची बोटे तेवढी बाहेर असतात. वॉर्डातून जाता जाता ती एखाद्याचे नख दाबी, सोडी, आणि पांढरे पडलेले नख पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते पाही. बोट गार आहे का? मुंग्या येतात का? बोट हलकेच ताणले तर माणूस कळवळतो का? प्लॅस्टरच्या आत सूज वाढून रक्त अडले तर काही तासांत पाय कायमचा निकामी होऊ शकतो, आणि आतले बाहेरून कुणालाच दिसत नाही. रात्री दोन वाजता ‘सिस्टर, पाय जड जड वाटतोय’ असे कुणी म्हटले, की त्यातले कुठले जड घरच्या आठवणीचे आणि कुठल्या जडसाठी डॉक्टरला झोपेतून उठवायचे, हे तिला आवाजावरून कळे. हे काही पुस्तकातून आले नव्हते. एकवीस वर्षांत हजारो अंगठ्यांवरून तिने ते गोळा केले होते.

आणि २००९ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तिने अर्ज केला, की मला नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात बदली द्या.

स्वतःहून अर्ज केला, हे मुद्दाम सांगतो. कारण नर्सची बदली बहुधा होते. ती मागत नाही. कचेरीच्या दृष्टीने नर्स म्हणजे विजेचा दिवा. कुठल्याही होल्डरमध्ये बसवला की पेटला पाहिजे. आज मेडिकल, उद्या सर्जरी, परवा बाळंतपण. डोळ्यांच्या डॉक्टरला, ‘अहो, हृदयाचे सर्जन रजेवर आहेत, तेवढा महिना तुम्ही सांभाळून घ्या’ असे कुणी सांगत नाही. नर्सला मात्र संध्याकाळी चिठ्ठी येते आणि सकाळी ती दुसऱ्या वॉर्डात उभी असते. सरकारी मराठीत तिला अधिपरिचारिका म्हणतात. एवढे लांबलचक पद कुठल्याही वॉर्डाला पुरेल, अशी कल्पना असावी.

“पण का?” मी विचारले.

“पाठ दुखते. पंच्याऐंशी किलोचा माणूस दर दोन तासांनी कुशीवर वळवायचा. आता मला जरा हलके पेशंट हवेत.”

हे कारण अर्जात लिहिण्याजोगे होते, म्हणून मला ते खरे वाटले नाही. (बँकेतला अनुभव.) खरे कारण पंधरा दिवसांनी, भांडी पुसताना बाहेर आले.

“अहो, काल सबंध ड्यूटी झाली आणि घरी येताना मला एकाही पेशंटचा चेहरा आठवेना. काम सगळं चोख झालं होतं. हातांनीच केलं. मी नव्हतेच तिथे.”

“मग चांगलंच की,” मी म्हणालो. बँकेत या अवस्थेला आम्ही कार्यक्षमता म्हणतो.

आमच्या आईने या बाबतीत माझी बाजू घेतली, ही घरातली दुर्मिळ घटना. ती सुनेला म्हणाली, “हात बसलाय ना? मग तू कशाला उठतेस?”

माझा मुद्दा हिशेबाचा होता. मी म्हटले, हे एकवीस वर्षांचे भांडवल तुझे एकटीचे आहे कुठे? ज्यांच्या अंगठ्यांवर तू शिकलीस त्यांचा त्यात हिस्सा आहे. पहिल्या वर्षी ज्यांची नखे तू दाबलीस त्यांना तुझा उपयोग तो किती झाला? ते बिचारे तुझ्या शिक्षणाची फी भरत होते. त्यांनी भरलेल्या ठेवीवरचे व्याज नंतरच्या पेशंटांना मिळायचे, तर तू मुदतीआधीच ठेव मोडणार, आणि दुसरीकडे नव्या खातेदारांच्या जिवावर नवा धंदा काढणार. तेही किलो-सव्वा किलोच्या खातेदारांच्या! शंभर माणसे मारल्याशिवाय वैद्य होत नाही असे आपल्याकडे थट्टेने म्हणतात, तेही मी ओघात म्हणालो. माझ्या सगळ्या थट्टांना, त्या कळल्या नाहीत तरी, हसणारी ही बाई त्या थट्टेला हसली नाही.

“तेच तर,” ती म्हणाली. “मला भीती वाटतेय. ऑर्थोत ती वाटायची बंद झाली होती.”

बदली मिळाली. आणि पहिल्या आठवड्यातच असे दिसले, की एकवीस वर्षांचा अनुभव नुसता कोरा झाला असता तर परवडले असते. तो उलटा झाला होता. पडून असलेल्या मोठ्या माणसाची नाडी १४० ला गेली तर ऑर्थोत पळापळ होते. इथे १४० म्हणजे बाळ मजेत आहे. श्वास मिनिटाला पन्नास, तेही ठीक. मधूनच बाळ पाच-सात सेकंद श्वास घ्यायचा विसरते आणि आपले आपण पुन्हा सुरू करते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तेही चालायचेच. वीस सेकंद झाले तर मात्र चालायचे नाही. औषध मोजायचे ते मिलिलिटरच्या दशांशात, आणि दशांशचिन्हाची टिकली एक घर सरकली की दसपट. हिच्या डोक्यात एकवीस वर्षे बसवलेली प्रत्येक घंटा इथे भलत्याच वेळी वाजत होती.

सगळ्यात मोठी घंटा ऑक्सिजनची. मोठ्यांच्या वॉर्डात शंका आली की ऑक्सिजन लावावा, पुढचे पुढे, अशी रीत. एका रात्री सव्वा किलोच्या बाळाच्या मशीनवर आकडा ९१ दिसला आणि हिचा हात आपोआप ऑक्सिजन वाढवायला निघाला. तो वाटेतच थांबवला शेजारी उभ्या असलेल्या लातूरकडच्या चोवीस वर्षांच्या मुलीने. (ही जेव्हा नोकरीला लागली तेव्हा ती मुलगी तीन वर्षांची होती.) “मॅडम, नको. एक्याण्णव बरोबर आहे. इथे शंभरला घाबरायचं.”

हे खरे आहे आणि भयंकरही आहे. १९४० च्या दशकात अपुऱ्या दिवसांची मुले एकाएकी आंधळी होऊ लागली. गंमत अशी (गंमत हा शब्द मी नाइलाजाने वापरतो), की ती गरिबाघरची नव्हती. उत्तमोत्तम रुग्णालयांत, उत्तमोत्तम काचपेट्यांत वाढत होती. १९५१ साली मेलबर्नच्या केट कॅम्बेल या डॉक्टरीणबाईंनी बोट दाखवले ते ऑक्सिजनकडे, आणि १९५३-५४ साली अमेरिकेत अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीने ते खरे ठरवले. तोवर जगात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली होती. गायक स्टीव्ही वंडर त्यांतलाच एक. मग सगळ्यांनी ऑक्सिजन सरसकट कमी केला, आणि आता बाळे श्वासावाचून जाऊ लागली. नेमका किती द्यावा हा वाद पुढे साठ वर्षे चालला. २०१० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत असे आढळले, की आकडा नव्वदीच्या खाली धरला तर डोळे वाचतात, पण मृत्यू वाढतात. म्हणजे ज्यांना आपण तज्ज्ञ म्हणतो त्यांनाही दर वीसेक वर्षांनी पाटी कोरी करून बसावे लागलेच. फरक इतकाच, की त्यांच्या शेजारी ‘मॅडम, नको’ म्हणणारी मुलगी उभी नव्हती.

याच सुमारास हिच्या टेबलावर मला एक पुस्तक दिसले. पॅट्रिशिया बेनर नावाच्या अमेरिकन नर्सबाईंनी १९८४ साली ते लिहिले. बर्कलेच्या ड्रायफस बंधूंनी, एक तत्त्वज्ञ आणि एक गणिती, वैमानिक आणि बुद्धिबळपटू कसे तयार होतात हे पाहून कौशल्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या होत्या. बेनरबाईंनी त्या नर्सला लावल्या. पहिल्या पायरीवरची नर्स नियम पाठ करून त्यांच्याबरहुकूम वागते. पाचव्या पायरीवरचीला नियम आठवावे लागत नाहीत. तिला ‘दिसते’, आणि का दिसते ते सांगता येत नाही. पण पुढे बाई निर्दयपणे असेही लिहितात, की पाचव्या पायरीवरची नर्स जर तिने कधी न सांभाळलेल्या तऱ्हेच्या रुग्णांत गेली, तर ती पुन्हा पहिल्या पायरीवर येऊ शकते. पुस्तक चांगले आहे. फक्त पाच पायऱ्या चढायच्या कशा हे त्यात आहे; त्रेचाळिसाव्या वर्षी उतरायच्या कशा हे नाही. उतरताना गुडघ्यांना जास्त त्रास होतो, ऑर्थोत कुणालाही विचारा.

त्या विभागाच्या इन्चार्ज सिस्टरांचा दंडक होता, की नव्या नर्सने पहिले सहा आठवडे एकटीने बाळाला हात लावायचा नाही. नवी म्हणजे नवी. मग तिची एकवीस वर्षे झालेली असोत की एकवीस दिवस. हिला तो दंडक मान्य होता. घोटाळा झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून. एका बाळाच्या आईला हिने आपण होऊन सांगितले, “मी नर्स जुनी आहे, पण या विभागात नवीन आहे. ही शेजारची सिस्टर मला शिकवतेय. हिला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही.”

ती आई विशीतली, पहिलटकरीण. तिने हिच्याकडे जरा वेळ पाहिले आणि म्हणाली, “मी पण नवीनच आहे.”

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. मासिकात संपलीही असती. पण इन्चार्ज सिस्टर तापल्या. त्यांचे म्हणणे असे, की ती पोरगी आधीच घाबरलेली आहे. तिला करता काहीच येत नाही. बाळ उचलून ती दुसरीकडे नेऊ शकत नाही. अशा बाईला हे सांगून तुम्ही साधलेत काय? तुमच्या मनावरचे ओझे तिच्या डोक्यावर ठेवलेत, आणि वर त्याला प्रामाणिकपणा म्हणता!

रात्री हिने हे मला सांगितले तेव्हा मी ठरल्याप्रमाणे बायकोची बाजू घेतली, पण झोप लागेना. सिस्टरांचे म्हणणे सहजासहजी खोडता येत नाही. रोग्याला जर आधी विचारले, की ‘नवशिका चालेल का?’, तर शंभरातले नव्याण्णव ‘नको’ म्हणतील. मीही म्हणेन. मग तीस वर्षांनी मुरलेला एकही माणूस उरणार नाही. आपल्याला सगळ्यांना अनुभवी माणूस हवा असतो. फक्त तो अनुभव त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर घेऊन आलेला हवा. न सांगावे तर फसवणूक, आणि सांगावे तर ज्याच्या हाती निवड नाही त्याला निवडीचा घोर. माझा कौल शेवटी ‘सांगावे’ याच बाजूला पडला, पण त्याचे कारण हिच्या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे. ‘मी नवीन आहे’ एवढेच म्हणून थांबणे म्हणजे खरोखरच ओझे टाकणे. ‘हिला विचारल्याशिवाय काही करणार नाही’ हे पुढे जोडले की ते वचन होते, आणि ते मोडले तर जाब विचारायला आई समोर बसलेली असते. सिस्टरांना हे पटले की नाही माहीत नाही. मी त्यांना सांगायला गेलो नाही. सिस्टरच्या मिस्टरला तेवढी अक्कल येते.

हळूहळू घंटा जुळू लागल्या. काही गोष्टी जुन्या वॉर्डातून आल्या त्या आल्याच. हात धुणे आले. नातेवाइकांशी बोलणे आले. आणि ‘आकडे बरे आहेत, पण हे बाळ आज मला बरं दिसत नाही’ असे म्हणायचे धैर्य आले. चोविसाव्या वर्षी डॉक्टरपुढे ते होत नाही. बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची पद्धतही ती तिथेच शिकली. १९७८ च्या सुमारास कोलंबियात बोगोटाच्या डॉक्टरांनी काचपेट्या कमी पडल्या म्हणून ती सुरू केली. हे ऐकून आमची आई म्हणाली, “पोराला पोटाशी धरायला कोलंबियात कशाला जायला हवं?” मी म्हटले, कोलंबियात कुणी गेले नाही. ती म्हणाली, “मग ठीक आहे.”

२०२० साल आले आणि सगळ्या रुग्णालयांतले होल्डर एकदम बदलले. डोळ्यांच्या वॉर्डातल्या, बाळंतपणाच्या, त्वचेच्या, सगळ्या नर्सना दोन-चार दिवसांची तोंडओळख करून कोविडच्या खाटांपुढे उभे केले. त्यात हीही, चौपन्नाव्या वर्षी. त्या वेळी अर्ज वगैरे कुणी विचारला नाही. फोनवर म्हणाली, “इथे परत सगळं उलटं. एक्याण्णव दिसलं की मला बरं वाटतं, आणि इथे ते बरं नाही.” अकरा वर्षे घालून थांबवायला शिकवलेला हात आता पुन्हा निघायला शिकवायचा. अतिदक्षतेतला एक सव्वीस वर्षांचा ब्रदर होता. त्याला पहिल्याच दिवशी जाऊन म्हणाली, “ब्रदर, मी इथे नवीन आहे. शंका आली की तुम्हाला हाक मारीन, रागवायचं नाही.” तो त्या पोशाखाच्या आत हसला की रडला ते कळले नाही, असे ती सांगते.

पण त्या आजारात फुप्फुसांना हवा नीट मिळावी म्हणून माणसाला पालथे निजवायचे असते. व्हेंटिलेटरवरचा नव्वद किलोचा बेशुद्ध माणूस, तोंडात नळी, मानेत नळी, हातात नळी, आणि यातली एकही न निसटता त्याला उताण्याचा पालथा करायचा. पाच-सहा जण लागतात. पुस्तकात वाचलेले सगळे होते; असे माणूस वळवलेले फारसे कुणी नव्हते. हिने आयुष्याची एकवीस वर्षे दुसरे केले काय होते? कणा मोडलेला माणूस ओंडक्यासारखा एकसंध वळवायचा असतो. चादर कुठे धरायची, कुणाचा हात कुणाच्या हातावरून जायचा, डोक्याशी उभा असलेला मोजेल तेव्हाच सगळ्यांनी हलायचे, पालथा झाल्यावर गालाखाली, गुडघ्याखाली, पायाच्या बोटांखाली उशी कुठे द्यायची. अकरा वर्षे तिने यातले काही केले नव्हते, तरी हातांना आठवत होते. आणि आठवणारा हात आता झोपलेला नव्हता, ती त्या बेशुद्ध माणसाला दर वेळी कानाशी सांगे, “आता आम्ही तुम्हाला वळवतोय हं.” तो ब्रदर दुसऱ्या आठवड्यापासून सगळीकडे हिला बोलावू लागला. पाठ पुन्हा दुखू लागली, हे ओघाने आलेच.

२०२४ साली ती निवृत्त झाली. निरोपाचा समारंभ कोणी करायचा यावरून दोन वॉर्डांत वाद झाला. ऑर्थोवाल्यांचे म्हणणे, एकवीस वर्षे आमच्याकडे, तेव्हा माणूस आमचे. बाळांच्या विभागात आता ती लातूरकडची मुलगी स्वतःच इन्चार्ज आहे. ती म्हणाली, पंधरा वर्षे आमच्याकडे, शिवाय शेवटची स्वाक्षरी आमच्या वहीत. भांडवल नक्की कुणाचे हा माझा जुना प्रश्न असा परस्पर सुटतो की काय म्हणून मी उत्सुकतेने पाहत होतो. पण शेवटी दोन्हीकडे वेगवेगळे समारंभ झाले. दोन शाली आणि दोन नारळ घेऊन आम्ही टॅक्सीने घरी आलो. नारळ वाटले गेले. एक शाल मी वापरतो.